काचबिंदूची छोटी शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्ग



काचबिंदूच्या नव्या शस्त्रक्रियांबद्दल घरच्यांना बहुतेक वेळा एवढंच सांगितलेलं असतं की चीर छोटी आहे, लवकर घरी जाल. ते खरंच आहे. पण चीर छोटी म्हणजे जंतुसंसर्गाची काळजी मिटली, असं समजू नका. डॉक्टरांनी डोळ्यातलं पाणी कोणत्या वाटेनं काढलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

काचबिंदूत डोळ्याच्या आत तयार होणाऱ्या पाण्याचा निचरा तुंबतो, दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरत जाते. आयस्टेंट ही जेमतेम १ मिलिमीटरची नळी. २०१२ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. ती पाणी डोळ्याच्या मूळच्या निचऱ्याच्या नलिकेतच सोडते, बाहेरच्या बाजूला नवी वाट उघडत नाही. सहसा ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबर बसवतात आणि संसर्गाची भीतीही साधारण तेवढीच, मुख्यतः सुरुवातीच्या आठवड्यांत.

झेनचं तसं नाही. ही जिलेटिनची ६ मिलिमीटर लांब नळी, आतलं भोक ४५ मायक्रॉनचं. ती पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली आणते. तिथे फुगवटा होतो, त्याला ब्लेब म्हणतात. आता डोळ्याचा आतला भाग आणि बाहेरचे जंतू यांच्यामध्ये तो पडदाच काय तो उरतो. व्रण धरू नये म्हणून मायटोमायसिन वापरतात, त्यानं पडदा आणखी पातळ होऊ शकतो. फुगवटा बसला तर सुईनं मोकळा करावा लागतो, म्हणजे जंतूंना पुन्हा एक संधी. क्वचित नळीचं टोकच पडदा झिजवून बाहेर येतं. हे काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही होऊ शकतं. तोवर घरात ऑपरेशनची आठवणही कुणाला नसते!

असा संसर्ग विरळाच. पण डोळ्याच्या आत पोहोचला, तर त्याला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात आणि एक-दोन दिवसांतही नजर जाऊ शकते. मग व्हँकोमायसिन, सेफ्टाझिडिमसारखी अँटिबायोटिक्स थेट डोळ्याच्या आत टोचावी लागतात. नुसत्या थेंबांनी भागत नाही.

म्हणून असं ऑपरेशन झालेल्या अब्बूंचा किंवा दादीचा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, धुरकट दिसू लागलं, तर ‘डोळे आलेत’ म्हणत मेडिकलमधून ड्रॉप्स आणू नका. स्टेरॉइडचे तर नकोच, लाली उतरते आणि आत जंतू वाढत राहतात. रविवार असो की ईद, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि ऑपरेशनच्या वेळीच विचारून ठेवा, नळी कोणती बसवली, फुगवटा आहे का. उत्तर फाइलवर लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा. परगावी, रात्रीच्या ड्युटीवरच्या अनोळखी डॉक्टरांना ती एक ओळ दाखवली की त्या लाल डोळ्याकडे ते साधे डोळे आलेत म्हणून बघणार नाहीत.