तापीच्या जाळ्यातला न हलणारा बिंदू

गाणं कसं ऐकावं, हे सांगणारी भाषणं आपण रेडिओवर पुष्कळ ऐकली. आज मी गणितातली सिद्धता कशी ऐकावी ते सांगणार आहे. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

स्थिरबिंदूच्या, म्हणजे जागेवरून न हलणाऱ्या बिंदूच्या, प्रमेयांचा विषय निघाला की लोक लगेच कॉफी ढवळायला घेतात. कितीही ढवळा, म्हणे, एक कण पुन्हा मूळ जागीच सापडतो. मला या कॉफीचा मनापासून कंटाळा आहे. ऐकणारा थक्क होतो, पण असं का, हे त्याला घरी बसून पडताळता येत नाही. त्यापेक्षा आपली तापी बरी.

सुरतेकडच्या मुखापासून रेघ ओढत या. मुडावदला पांझरा मिळते, मग बोरी, गिरणा, वाघूर, आणि चांगदेव गावाशी पूर्णा. या जाळ्यात कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये वाट एकच, फेरा कुठेच नाही. आता प्रत्येक बिंदूला याच जाळ्यातल्या कुठल्यातरी बिंदूवर पाठवायचं. धुळ्याच्या पुलाखालचा बिंदू अमळनेरला, अमळनेरचा भुसावळजवळ, तुम्हाला वाटेल तसं. अट एवढीच की शेजारचे बिंदू शेजारीच पडावेत, मध्ये तुटू नये. कसंही पाठवा, एक बिंदू तरी स्वतःवरच पडणार.

का? प्रत्येक बिंदूवर बाण काढा, तो ज्या दिशेला निघाला त्या दिशेचा. मुखावरचा बाण नदीत वरच जाणार, दुसरीकडे जागाच नाही. त्या बाणामागे चालू लागा. संगम आला की बाण सांगेल ती नदी धरा. शेवटी उगमाशी पोचलात तर तिथला बाण खालीच असणार. म्हणजे मध्ये कुठेतरी बाण उलटला. पण लगतचे दोन बिंदू एकमेकांकडे तोंड करून निघाले तर त्यांना एकमेकांना ओलांडून पलीकडे जावं लागेल, आणि तेवढी उडी आपण मना केली आहे. तिथला बिंदू हललेलाच नसतो. हा उलटण्याचा क्षण सावकाश ऐका. घाईत तो निसटतो, आणि माझ्या मते सगळी गोडी तिथेच आहे.

धुळ्याला शिकताना आमचे एक सर ही सिद्धता पूर्ण झाली की फळा पुसत नसत. गिरणेतून बोरीत एक कालवा काढत आणि मागे सरकून उभे राहत. कालव्यानं काय होतं? गिरणा, कालवा, बोरी, तापी असा फेरा तयार होतो. मग सगळं जाळं त्या फेऱ्यावर गोळा करा, प्रत्येक फाट्याला त्याच्या जोडावर आणून ठेवा, आणि फेरा थोडा फिरवा. सगळेच हलले! प्रमेय गेलं.

पण खालचा-वरचा हा क्रम कालव्यानं मोडत नाही. पाणी अजूनही उतारानंच वाहतं. म्हणून अट बदलू. उड्या खुशाल मारा, पण खालचा बिंदू वरच्याच्या खालीच किंवा त्याच्याच जागी पडू द्या. मुखाला पाठवा, सगळं जाळं त्याच्या वरच आहे, त्यामुळे ते चढणार. जिथे पोचलं त्याला पुन्हा पाठवा, ते आणखी वर किंवा तिथेच. पावलं आखूड होत एखाद्या जागी गोळा झाली, तर त्या जागेपासून पुन्हा सुरुवात. नदीची लांबी संपते, चढणं थांबतंच. जिथे थांबतं तो आपला बिंदू. पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या तार्स्कींनी १९५५ साली अशाच क्रमाच्या जोरावर आपलं प्रमेय मांडलं. त्याच सुमारास वॉर्ड या गणितज्ञांनी जोडलेपण आणि क्रम या दोन्ही गोष्टी एकाच अवकाशात ठेवून पाहिल्या.

चढताना केलं तसं आलेलं उत्तर परत त्याच रीतीत घालायचं, आकडा हलेनासा होईपर्यंत, हे काम आपल्याकडे फार जुनं आहे. ग्रहणाचा काळ काढायला चंद्राचा शर, म्हणजे सूर्याच्या वाटेपासूनचं त्याचं अंतर, लागतो, आणि शर पुन्हा त्या काळावरच अवलंबून. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत, म्हणजे ११५० साली, अशी गणितं पुन्हा पुन्हा करायला सांगितली आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. पाटणादेवीला जाणारे बहुतेक जण दर्शन घेऊन परततात. तो लेख जरा थांबून पाहा, एवढं माझं मागणं.

आणि कागद हाताशी आहेच, तर तापीला समुद्राशी आणखी एक मुख काढा. चढण्याच्या सिद्धतेतलं कितवं वाक्य अडतं, ते शोधा.