कागद सांभाळा, संघटना बांधा
(माहीम इथल्या तरुण कामगारांच्या बैठकीतलं भाषण)

दोस्तहो,

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता करतो, पण आज कविता नाही. आज हजेरी, पगार आणि कोर्ट. तुमच्यातले कितीतरी जण म्हणतात, कायदा मालकांचा, कोर्ट त्यांच्या बापाचं, आपण कशाला पायऱ्या झिजवायच्या? हा संताप खरा आहे. पण नुसत्या संतापावर गेलेली नोकरी परत मिळत नाही.

१९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक कलहाचं बिल आलं. संपाच्या गळ्याला फास लावणारं. बॅरिस्टर असलेले बाबासाहेब सभागृहात त्याच्याविरुद्ध बोलले, आणि ७ नोव्हेंबरच्या संपात रस्त्यावरही उतरले. १९४२ साली तेच व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. म्हणजे रस्ता की कायदा, हा सवालच खोटा. दोन्ही पाहिजेत.

आता आपल्या शहरातला दाखला. मुंबईचा कचरा कोण उचलतं? बहुतेक आपलीच माणसं. काम महापालिकेचं, पण माणूस कंत्राटदाराचा, आणि कागदावर म्हणे 'स्वयंसेवक'! कचरा वाहतूक श्रमिक संघानं त्यांना एकत्र आणलं. मोर्चे काढले, आणि २००७ साली प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणात नेलं. २०१४ साली निकाल लागला : कंत्राट बनावट आहे, २,७०० कामगारांना कायम करा. महापालिका हायकोर्टात गेली, मग सुप्रीम कोर्टात. एप्रिल २०१७ मध्ये तिथंही कामगार जिंकले. दहा वर्षं! आणि तरी नावाच्या स्पेलिंगमधल्या चुका काढून कित्येकांना पुढं ताटकळत ठेवलं. घाम खरा, पण अक्षर चुकलं म्हणून माणूस खोटा!

म्हणून सांगतो, नेमणूकपत्र मागा. पगाराची चिठ्ठी, हजेरीकार्ड, पासबुक, पी.एफ.चा नंबर, मुकादमाचा मेसेज, यातलं काही फाडू नका, पुसू नका. सगळीकडे नाव एकसारखं लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही नको. कामावरून काढलं तर गप घरी बसू नका. युनियनला घेऊन कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. खाडी ओलांडली की वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे. तिथं समेट झाला नाही, तर पुढं न्यायाधिकरण.

आणि मुदत ध्यानात ठेवा. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. वाद उद्भवून दोन वर्षं उलटली, तर समेट अधिकारी त्याला हात लावणार नाही. संपाला चौदा दिवसांची नोटीस, आणि समेट चालू असताना संप बेकायदा. १९३८ चा फास पुन्हा आलाय. त्याच्याशी लढायचं तर तो आधी वाचायला लागेल.

एकटा माणूस अर्ज घेऊन गेला, तर शिपाईच हाकलतो. तेव्हा येत्या रविवारी आपापले कागद घेऊन इथंच या. नावं तपासू, अर्ज लिहू, आणि सगळे मिळून जाऊ.

जय भीम!