आखीव वसाहती आणि आखणीबाहेरची माणसे

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'उपनगर' हा शब्दच आता फसवा झाला आहे. १९५१ साली मुंबई बेटाची लोकसंख्या सुमारे २३ लाख होती आणि आजच्या उपनगर जिल्ह्याच्या हद्दीत तेव्हा सात लाखही माणसे नव्हती. २०११ च्या जनगणनेत बेटावर ३१ लाखांहून थोडी कमी, तर उपनगरांत ९३ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. २००१ ते २०११ या दशकात बेटाची वस्ती चक्क घटली. याचा अर्थ असा, की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आता मुंबईची अंगणे राहिलेली नाहीत. तीच मुंबई आहे. म्हणून उपनगरांचा प्रश्न हा या शहरातील बहुसंख्य माणसांच्या निवाऱ्याचा प्रश्न आहे.

ही वाढ बेबंद झाली, आखणी नव्हती म्हणून झोपडपट्ट्या वाढल्या, असे आपण नेहमी ऐकतो. वर्तमानपत्रांचे अग्रलेख हेच सांगतात आणि आपले कार्यकर्तेही हेच बोलतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. १९५० साली महापालिकेची हद्द उपनगरांत सरकली, १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, उपनगरांत आखणी भरपूर झाली आहे. प्रश्न आखणीच्या अभावाचा नाही. आखणी कोणासाठी झाली आणि तिच्यातून उत्पन्न झालेली संपत्ती कोणाच्या खिशात गेली, हा प्रश्न आहे. आखीव वसाहतीत भांडी घासणारी, रस्ता झाडणारी, इमारतीचा पहारा करणारी, इमारत बांधणारी माणसे लागतातच. नकाशात त्यांच्या झोपण्याची जागा दाखवलेली नसते. ती जागा ते नाल्याच्या काठी, डोंगराच्या उतारावर, जलवाहिनीच्या कडेला शोधतात. त्या अर्थाने झोपडपट्टी ही आखीव वसाहतीची सावली आहे.

थोडे मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करण्याचा कायदा झाला. रुंद रस्ते काढावेत, कोंदट वस्त्या मोडाव्यात, दादर-माटुंग्याकडे मोकळ्या हवेत मध्यमवर्गासाठी आखीव वसाहती वसवाव्यात, असे त्याचे काम. ट्रस्टच्या रस्त्यांना आपण आजही नावे ठेवू शकत नाही. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांना नव्या वसाहती परवडणाऱ्या नव्हत्या. ते शेजारच्या दाट चाळींत जाऊन दाटी वाढवते झाले.

योगायोग असा, की त्याच १८९८ साली इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी उद्यान-नगरीची कल्पना मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. जगभरच्या आखीव वसाहतींचे मूळ या पुस्तकात सांगितले जाते. झाडे, मोकळी मैदाने, घराजवळ काम, हे सारे त्यात आहेच. पण हॉवर्ड यांच्या योजनेचा कणा वेगळा होता. नगरीची जमीन खाजगी मालकीची नसावी, ती रहिवाशांच्या वतीने विश्वस्तांकडे असावी. वस्ती वाढल्याने जमिनीचे जे भाडे वाढेल ते कोणा मालकाला न मिळता शाळा, रस्ते, वृद्धांची निर्वाहवेतने यांवर खर्च व्हावे. अर्थशास्त्रात आपण जिला अनर्जित वाढ म्हणतो, म्हणजे मालकाने बोट न हलवता केवळ समाजाच्या वाढीमुळे जमिनीला चढणारी किंमत, ती समाजाची आहे हा त्या नगरीचा पाया होता. आपल्याकडे, आणि जगात बहुतेक ठिकाणी, या कल्पनेतली बाग तेवढी घेतली गेली. जमीन मागे राहिली. आज पूर्वेकडच्या वा पश्चिमेकडच्या कोणत्याही नव्या संकुलाच्या जाहिरातीत बाग दिसते. जमिनीचा हिशेब दिसत नाही.

आपल्या कायद्यांना ही गोष्ट अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात, आणि नंतर १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही, योजनेमुळे वाढणाऱ्या किमतीतून मालकाकडून अंशदान वसूल करण्याची तरतूद आहे. पण हा हिशेब योजना आखताना एकदाच मांडला जातो. जमिनीची खरी उडी त्यानंतर वीस-तीस वर्षांनी येते. रेल्वे, पाणी, वीज लोकांच्या पैशाने येतात आणि उडीचे फळ मालकाच्या झोळीत पडते.

स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे टागोरनगर आणि कन्नमवारनगर, अंधेरीचे दादाभाई नौरोजीनगर ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाशी जोडलेली आहेत. घरे लहान होती. भिंतींचा गिलावा पडायचा, पाण्यासाठी भांडणे व्हायची. तरी गिरणीतला जॉबर, बेस्टचा वाहक, पालिकेचा कारकून, प्राथमिक शिक्षक एका जिन्यात राहत होते. जमीन सार्वजनिक होती म्हणून ते शक्य झाले. हे वाक्य लक्षात ठेवावे, मी शेवटी त्याच्याकडे परत येणार आहे.

१९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत रिकाम्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरली. वरची जमीन सरकारने घ्यावी आणि गरिबांना घरे द्यावीत, असा हेतू. पण त्याच कायद्यात सूट देण्याचीही कलमे होती आणि कायदा जमिनीपेक्षा सुटीसाठीच अधिक वापरला गेला. त्यातून दोन वसाहती उभ्या राहिल्या. त्यांची तुलना प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावी.

पहिली पवईची. १९८६ साली राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि मूळ जमीनमालकांच्या वतीने विकासक हिरानंदानी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन, ८० वर्षांचा भाडेपट्टा, भाडे हेक्टरी एक रुपया. या मेहेरबानीच्या बदल्यात अट अशी, की घरे ४० आणि ८० चौरस मीटरचीच बांधावीत आणि १५ टक्के घरे चौरस फुटाला १३५ रुपये दराने सरकारला द्यावीत. त्या जागी प्रत्यक्षात काय उभे राहिले ते आपण लोकलच्या गर्दीतून उतरून, बसने पवईला जाऊन पाहू शकता. लहान घरे जोडून मोठी झाली. वर्षानुवर्षे सरकारने पाहिले आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. अखेर मेधा पाटकर आणि इतर नागरिकांनी जनहितयाचिका केल्या आणि २०१२ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने करारातली लहान घरे आधी बांधा, असा आदेश दिला. करार १९८६ चा, आदेश २०१२ चा. मधल्या २६ वर्षांत ज्या कुटुंबाला ते ४० चौरस मीटर मिळायला हवे होते त्याची एक पिढी झोपडीत किंवा नालासोपाऱ्याच्या गाडीत वाढली.

दुसरी वसाहत गोरेगावची. मृणालताई गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली आणि याच कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन, न्यायालयात आणि रस्त्यावर झगडून, दिंडोशीला ६२ एकरांवर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सुमारे सहा हजार घरे उभी केली. कायदा तोच, डोंगरउतारही तशाच जातीचा. तरी एकीकडे बाजारपेठ वसली आणि दुसरीकडे माणसे वसली. फरक पडला तो मागे संघटित लोक होते की नव्हते याचा. २००७ साली राज्याने तो कायदाच रद्द केला, तेव्हा आपला विरोध किती क्षीण होता हेही आज प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, गरिबांसाठीही आखणी झालीच की. झाली. तिचा एक चांगला नमुना कांदिवलीच्या चारकोपला आणि बोरिवलीच्या गोराईला आहे. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे आखलेले भूखंड दिले गेले. लहान भूखंड स्वस्तात, मोठे भूखंड बाजारभावाने, आणि मोठ्यांच्या नफ्यातून लहानांचा भार हलका. लोकांनी ऐपतीप्रमाणे घरे बांधली. पण या वाटेवर सरकार पुढे गेले नाही. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली आणि गरिबांचे घर हे बिल्डरच्या एफएसआयचे उपउत्पादन झाले. जमीन मोकळी करून विकायची, तर झोपडीवाल्यांना जितक्या कमी जागेत रचता येईल तितके उत्तम. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर कुठे कुठे जेमतेम तीन मीटर आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा २०१८ चा अभ्यास सांगतो, की तिथे खालच्या मजल्यांवर उजेड आणि हवा पोचत नाही आणि क्षयरोगाचा त्याच्याशी संबंध आहे. प्लेगच्या भीतीने ज्या शहराने आखणीला आरंभ केला, त्याने शंभराहून अधिक वर्षांनी क्षयाची वसाहत आखून, मंजूर करून, शिक्के मारून बांधली.

माहुलचेही तेच. तानसा जलवाहिनीच्या कडेची कुटुंबे, त्यांत घाटकोपर-विद्याविहारची पुष्कळ, २०१७ पासून तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत नेऊन ठेवली गेली. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच इशारा दिला होता. ती माणसे दीर्घकाळ रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र घर किंवा भाडे देण्यास सांगितले.

आता जरा कडू बोलतो. आखीव वसाहतीची भिंत केवळ बिल्डर बांधत नाही. आपणही बांधतो. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडला एका महिलेला ती मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा आपण सारे संतापलो, आणि संताप योग्यच होता. पण मराठी बहुसंख्य असलेल्या किती सोसायट्यांत मुसलमान भाडेकरू आहे? दलिताचे आडनाव ऐकून किती खोल्या 'नुकत्याच गेल्या' असतात? घरकाम करणाऱ्या बायांसाठी वेगळी लिफ्ट ठेवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आला, तर विरोधात किती हात वर होतात? सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवले तरी ते घटनाबाह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली गुजरातमधील पारशी संस्थेच्या खटल्यात म्हटले. कायद्याने मुभा दिली म्हणून नीतीने दिली असे होत नाही. 'सहकार' हा आपल्या चळवळीचा शब्द. तो कुंपणाच्या फाटकावर लिहिलेला पाहणे क्लेशदायक आहे.

माझ्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाई अकरा वर्षे पायी येत. त्यांची वस्ती उठली, दूर सातव्या मजल्यावर घर मिळाले. घर पक्के होते. दोन बस बदलून त्या तीन महिने आल्या, मग चार घरची कामे सुटली. एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, घर मिळालं, पण पोट मागंच राहिलं." अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मी हे इतक्या थोडक्यात कधी वाचले नव्हते.

आता शेवटचा आणि तातडीचा मुद्दा. मघाशी ज्या मंडळाच्या वसाहतींचा उल्लेख केला, त्यांचा पुनर्विकास आज जोरात चालू आहे. जुनी घरे मोडकळीला आली आहेत, रहिवाशांना मोठे घर हवे आहे. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तुमच्यातले अनेकजण अशाच सोसायट्यांचे पदाधिकारी आहात आणि बिल्डरशी वाटाघाटी करीत आहात. त्या वाटाघाटीत चौरस फूट किती, कॉर्पस किती, भाडे किती, एवढेच बोलले जाते. पण ती जमीन मुळात तुमच्या-आमच्या वाडवडिलांनी विकत घेतलेली नव्हती. ती समाजाची होती, म्हणून कारकुनाला तिथे घर मिळाले. तिच्यावर वाढीव मजले चढणार असतील, तर त्यांतला वाटा उद्याच्या कारकुनाचा, परिचारिकेचा, सफाई कामगाराचाही आहे. तो रोख अधिमूल्याच्या रूपाने सरकारी तिजोरीत जाऊन विरघळू नये, त्याच जागी लहान भाड्याच्या घरांच्या रूपाने मिळावा, ही मागणी आपण केली पाहिजे. आणि ती प्रथम आपल्या स्वतःच्या सोसायटीच्या सभेत केली पाहिजे, कारण तिथेच ती सर्वांत अवघड आहे.

तीन कामे मी सुचवितो. प्रत्येक प्रभागात सवलतीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या संकुलांचे करार माहितीच्या अधिकारात मिळवावेत आणि अटींचे काय झाले ते लोकांसमोर मांडावे. पुनर्वसनाच्या प्रत्येक योजनेत कामाच्या जागेपासूनचे अंतर आणि घरातला उजेड हे दोन प्रश्न आधी विचारावेत. आणि आपल्या सोसायटीचे उपविधी, लिखित आणि अलिखित दोन्ही, एकदा डोळे उघडे ठेवून वाचावेत.

मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. नळ प्रथम कोणाच्या दारी जावा, हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून ते नाव पडले. आखणी वाईट नाही, साथींनो. समाजवादी माणसाचा आखणीवर विश्वास असलाच पाहिजे. पण कोणताही नकाशा समोर आला की तो मंजूर करण्यापूर्वी आपण एकच प्रश्न विचारावा: या वसाहतीत राबणारी माणसे रात्री कुठे झोपणार आहेत? ज्या नकाशाजवळ त्याचे उत्तर नाही, तो नकाशा अपुरा आहे, आणि तो पुरा करून घेणे हे आपले काम आहे.