देवळाली नव्हे, देवली

मागच्या वेळी मी तोफा आणि तोफगोळे यांच्यावर इतका वेळ बोललो, की घरून सूचना आली, आता जरा माणसांत या. म्हणून आज जेवणावर बोलणार आहे. तेही चायनीज जेवणावर.

हसू नका. इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, तुम्ही जिथून ऐकताय तिथे कोपऱ्यावर एक लाल रंगाची गाडी असणार, तिच्यावर शेपटी उडवणारा ड्रॅगन असणार, आणि कढईखाली जेट विमानासारखा आवाज करणारा बर्नर असणार. माझा नातू तिथे ट्रिपल शेजवान खातो. चीनमधल्या माणसासमोर ती प्लेट ठेवली तर तो बिचारा विचारेल, ही कुठल्या देशाची? ते मंचुरियनसुद्धा मुंबईतलंच. नेल्सन वँग नावाचे कोलकात्यात जन्मलेले आचारी क्रिकेट क्लबात काम करायचे. १९७५ च्या सुमारास कुणीतरी म्हणालं, काहीतरी नवीन कर. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, आपण जिथे गरम मसाला टाकू तिथे सोया सॉस टाकला, वर कॉर्नफ्लोर लावलं, आणि झालं मंचुरियन. मंचुरियाशी त्याचा संबंध नावापुरता.

पुढे मी तवांग भागात असताना १५ ऑगस्टला बुमलाला चिनी अधिकारी आपल्याकडे जेवायला आले होते. अशा भेटी तेव्हा ठरलेल्या असायच्या, त्यांच्या राष्ट्रीय दिनाला आपले लोक तिकडे जायचे. आमच्या मेसच्या कुकने मोठ्या हौसेने चिली चिकन केलं. त्यांच्या एका अधिकाऱ्याने दोनदा वाढून घेतलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, हा पदार्थ भारताच्या कोणत्या प्रांतातला? कुक सावधान उभा राहून म्हणाला, "सर, चायनीज." दुभाष्याने काय भाषांतर केलं देव जाणे.

असो. मला बोलायचंय ते कोलकात्याच्या टँग्रामधल्या एका हॉटेलबद्दल. हॉटेलचं नाव सांगणार नाही, मालकिणीचंही नाही. आम्ही सगळे त्यांना आंटी म्हणायचो.

१९९४ मध्ये माझी बदली कोलकात्याला झाली. मी तेव्हा मेजर. टँग्रा म्हणजे हक्का चिनी लोकांची वस्ती. कातडी कमावण्याचे कारखाने त्यांचे. रस्त्याला उघडी गटारं, त्यांत निळसर पाणी, दोरीवर वाळत घातलेली ओली चामडी, आणि असा वास की पहिल्या दिवशी जेवण नको वाटावं. उंच भिंती, त्यांत लोखंडी दरवाजे. दिवसा आत चामड्याचं काम, आणि संध्याकाळी त्याच वाड्याच्या पुढच्या भागात चार-सहा टेबलं. तिथली एक गंमत सांगतो. वस्तीतच एक कालीमंदिर आहे, चिनी लोकांनी उभारलेलं. देवीला नैवेद्य नूडल्सचा. मी बघितलाय.

कोलकात्यात चिनी माणूस आला तो वॉरन हेस्टिंग्जच्या काळात. टाँग अच्यू नावाच्या गृहस्थाला बजबजजवळ हुगळीकाठी जमीन मिळाली, त्याने साखरेचा कारखाना काढला, आणि त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. नंतर एकेकाचे व्यवसाय ठरून गेले. हक्का लोक चामड्यात आणि बुटांत, कँटनचे लोक सुतारकामात, हुपेइचे दातांचे डॉक्टर. आमच्या आंटी हक्का. स्वयंपाकघराकडे तोंड करून हक्का बोलायच्या, भाजीवाल्याशी बंगाली, आमच्याशी हिंदी. आणि दारात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, "खाना खाया?" अहो, खायला तर आलोय! नंतर कळलं की त्यांच्यात हे रामराम म्हटल्यासारखं आहे.

जेवण मात्र अप्रतिम. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरच्या टेबलावर आधीच ठेवलेल्या. चिली चिकन कोरडं, मिरचीचा रंग दिसणारं. नूडल्सवर कढईच्या धुराचा वास. पहिल्याच दिवशी मी शेजवान सॉस मागितला. आंटींनी, "वो क्या होता है?" असं इतक्या निरागसपणे विचारलं की मी पुन्हा नाव काढलं नाही.

आता माझा पराक्रम ऐका.

एका मित्राला बढती मिळाली, आम्ही आठ अधिकारी तिथे जेवायला गेलो. साध्या कपड्यांत, पण फौजी माणसाची हजामत लपत नाही. बिल आलं अकराशे चाळीस रुपये. दोन बिअर पोटात होत्या, आणि मी मोठ्याने म्हणालो, "आंटी, बासठ का हिसाब बाकी है. डिस्काउंट दो." टेबलावर हशा. आंटीही हसल्या. त्यांनी बिल परत घेतलं, खिशातलं पेन काढलं, दहा टक्के वजा केले, एकशे चौदा रुपये, आणि खाली सही केली. आम्ही एक हजार सव्वीस रुपये दिले आणि जीपमध्येसुद्धा हसत होतो.

मला ते विनोद वाटण्याचंही कारण होतं, आणि ते विनोदी नव्हतं. माझे थोरले काका तोफखान्यात हवालदार होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये बोमडिला पडलं, त्या माघारीत ते गेले. शव आलं नाही. मी तीन वर्षांचा होतो, मला ते आठवत नाहीत, त्यांची ट्रंक आठवते. आजीने पुढे कधी लोणच्याच्या बरणीला चिनी मातीची बरणी म्हटलं नाही. पांढरी बरणी म्हणायची. मी तोफखाना निवडला तो त्या ट्रंकेमुळे.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी बायकोला घेऊन तिथे गेलो. मी काउंटरवर, बायको आंटींशी गप्पा मारत होती. आम्ही इथे कसे आलो वगैरे. ती सांगत होती की ह्यांचा देवळालीला कोर्स होता, तिथून थेट इकडे. आंटींचा हात हिशेबाच्या वहीवर थांबला.

"देवली? तुम देवली में था?"

मी खूश. देवळाली म्हणजे आमचं माहेर! तोफखान्याची शाळा तिथे. मी म्हटलं, "हां हां, आप जानती हैं? बहुत अच्छी जगह है. हवा बहुत अच्छी है."

आंटी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हम भी देवली में था. चार साल. हवा अच्छा नहीं था."

बायकोला वाटलं वडील कँटीनमध्ये असतील. मलाही तसंच काहीतरी वाटलं. मग आंटींनी सांगितलं, राजस्थानचं देवली. जयपूरहून कोट्याला जाताना टोंकच्या पुढे लागतं ते.

मंडळी, मी तेव्हा तेरा वर्षं नोकरी केलेला अधिकारी होतो. १९६२ च्या लढाईचा नकाशा मला पाठ होता. नामका चू, सेला, बोमडिला, वालोंग, रेझांग ला, कोणत्या तारखेला काय पडलं ते झोपेत विचारा. आणि हे मला माहीत नव्हतं. त्या नोव्हेंबरात आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातून चिनी वंशाच्या माणसांना उचललं गेलं. सुमारे तीन हजार माणसं. म्हातारी, बाळंतिणी, शाळेतली पोरं. काहींच्या दोन पिढ्या इथेच जन्मलेल्या, काही भारताचे नागरिक. खटला नाही, आरोप नाही. आगगाडीने थेट राजस्थानात, देवलीच्या छावणीत. इंग्रज तिथे राजबंदी ठेवायचे. शेवटची माणसं १९६७ मध्ये सुटली. बऱ्याच जणांना त्याआधीच जहाजाने चीनला पाठवून दिलं, आणि त्यांतल्या कित्येकांनी चीन आयुष्यात पाहिलेला नव्हता.

आंटी वरच्या आसामातल्या माकुमच्या. नऊ वर्षांच्या होत्या. वडील सुतार. पोलीस म्हणाले, दोन-तीन दिवसांचे कपडे घ्या. गाडी सात दिवस चालली. स्टेशन आलं की खिडक्या लावून घ्यायच्या, कारण बाहेर लोक दगड घेऊन उभे असत. छावणीत सुरुवातीला भात मिळायचा तो अर्धा कच्चा, पिंपात शिजवलेला. पुढे शिधा मिळू लागला आणि आपापलं शिजवायची परवानगी मिळाली. तेव्हा सुताराने हातात झारा घेतला. आधी घरापुरता, मग सगळ्या बराकीसाठी. सुटून आले तेव्हा माकुमचं घर आणि दुकान लिलावात गेलेलं. टँग्रात नातेवाईक होते, म्हणून इकडे. दिवसा कातड्याच्या कारखान्यात मजुरी, रात्री मजुरांसाठी नूडल्स. मी जे चिली चिकन मिटक्या मारत खात होतो ते करणारा हात देवलीत तयार झाला होता.

मला एकशे चौदा रुपये आठवले. ते त्यांनी हसून का वजा केले तेही कळलं. आठ फौजी टेबलावर बसून बासष्टचा हिशेब मागतात, तेव्हा देवलीला जाऊन आलेल्या बाईने दुसरं काय करायचं?

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी हात झटकला, आणि विचारलं, "तुम्हारा कोई मरा था लड़ाई में?"

मी काकांचं सांगितलं.

"मिला?"

"नहीं."

त्या आत गेल्या आणि सूपचे दोन वाडगे घेऊन आल्या. आम्ही मागवले नव्हते. मग म्हणाल्या, त्यांचा धाकटा भाऊ, सात महिन्यांचा, पहिल्याच हिवाळ्यात छावणीत गेला. आई सांगायची, भिंतीच्या बाहेर एका झाडाखाली पुरला. आई आता म्हातारी झाली आहे, तिला ती जागा एकदा बघायची आहे, निदान फोटोत. "तुम आर्मी का आदमी है. तुमको तो अंदर जाने देगा."

मी हो म्हटलं. छातीवर हात ठेवून म्हटलं.

आणि केलं नाही.

कारणं होती. शत्रुदेशाच्या वंशाच्या लोकांची चौकशी एक मेजर का करतोय, असं कुणी विचारलं तर? त्या वर्षी माझा गोपनीय अहवाल महत्त्वाचा होता. मग १९९६ मध्ये बदली झाली, मग काश्मीर, मग आणखी काही. हे सगळं खरं आहे. पण नोकरीत असताना मी जयपूर-कोटा रस्त्याने दोनदा गेलो. एकदा तर देवलीत चहासाठी थांबलो. ड्रायव्हर म्हणाला, "साहब, पंद्रह मिनट हैं." मी चहा पिऊन गाडीत बसलो.

निवृत्त झाल्यावर, २०१४ मध्ये, मी टँग्राला गेलो. ओळखलंच नाही. १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने कातड्याचे कारखाने हलवायला सांगितले, ते यथावकाश बानतलाला गेले. कारखान्यांच्या जागी हॉटेलं, हॉटेलांच्या बाजूला उंच इमारती. वास गेला होता. आंटींच्या हॉटेलात वातानुकूलन आलं होतं, काउंटरवर त्यांचा पुतण्या, आत बिहारी आचारी. मेन्यूत शेजवान! आंटी मुलाकडे टोरांटोला गेल्या होत्या. टँग्रातली निम्मी वस्ती तिकडेच गेली, असं पुतण्या म्हणाला. त्यांच्या आई २००१ मध्येच वारल्या होत्या.

त्याने फोन लावून दिला. पलीकडून पहिला प्रश्न, "खाना खाया?" मी सांगितलं, कोण बोलतोय ते. आणि सांगितलं की मी गेलो नाही, जाता आलं असतं तरी गेलो नाही. थोडा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "मालूम था."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

गेल्या वर्षी मी गेलो. त्या आवारात आता एका निमलष्करी दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. फाटकावरचा जवान सभ्य होता. मी माझं निवृत्तीचं ओळखपत्र दाखवलं, त्याने सलाम केला आणि सांगितलं, आत जायला लेखी परवानगी लागेल. बरोबरच आहे, मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. मी बाहेरच्या भिंतीला लागून चालत गेलो. झाडं बरीच आहेत. बाभळी आहेत, दोन जुने कडुनिंब आहेत. कुठलं झाड, कुणाला विचारणार? मी सगळ्यांचे फोटो काढले, एकोणीस फोटो, आणि टोरांटोला पाठवले.

दोन दिवसांनी आंटींचा आवाजी निरोप आला. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणाल्या, फोटो मिळाले, मोठ्या पडद्यावर लावून बघितले. कडुनिंब नव्हता, झाडाला काटे होते, कारण आईच्या साडीला ते अडकले होते. आणि झाडाजवळून पाण्याची टाकी दिसायची, ती या फोटोंत कुठेच नाही, म्हणजे तू उलट्या बाजूने चाललास.

परवानगीचा अर्ज मी जुलैत टाकलाय. सोबत माझं सेवापत्र जोडलंय, आणि टाकी कुठे होती याचा आंटींनी काढून पाठवलेला नकाशा. उत्तर अजून आलेलं नाही. दिवाळीनंतर पुन्हा स्मरणपत्र पाठवणार आहे.