दाखला कुणाच्या उत्पन्नाचा?



बाप गेला, आईनं दुसरं घर केलं किंवा तीही गेली, आणि लेकरं आजी-आजोबांच्या पदरात पडली, असं घर आपल्या मुखेड तालुक्यात शोधावं लागत नाही. अशा लेकराला बालगृहात धाडण्यापेक्षा घरीच राहू द्यावं आणि घराला हातभार लावावा, यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. महिना 425 रुपयांवरून तिची मदत 2021 मध्ये 1,100 वर आणि 2023 मध्ये 2,250 वर आली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिन्याला 4,000 रुपये मिळतात; पण तिथं उंबरठ्यावरच अट आहे. ग्रामीण भागात कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 72,000 रुपयांच्या आत हवं, इतरत्र 96,000 च्या. मुखेडला नगरपरिषद आहे, शेजारच्या खेड्याला नाही. बाजार मात्र दोघांचा एकच!

72,000 ची मर्यादा 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 256 रुपये होती. त्या दरानं 281 दिवस राबलं तरी माणूस मर्यादेच्या आतच राहायचा. 2025-26 मध्ये मजुरी 312 झाली. त्या दरानं 231 व्या दिवशी तो मर्यादेबाहेर जातो. आजोबा आणि काकानं प्रत्येकी 116 दिवस काम केलं, की सरकारच्या लेखी ते घर खाऊनपिऊन सुखी! मजुरी सरकारच वाढवतं, मर्यादा सरकारच गोठवतं. कुणी योजना बंद केलेली नसते. ती आपोआप आक्रसत जाते.

हा रोग आपलाच नाही. अमेरिकेत पालक-कुटुंबात ठेवलेल्या मुलाचा खर्च केंद्र सरकारनं उचलायचा की नाही, हे ठरवताना आजही 16 जुलै 1996 रोजी जे गरिबीचे निकष होते तेच लावतात. महागाई वाढली, निकष तिथेच राहिले. एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर धरली आहे. तिथं मूल ज्या घरातून काढलं त्या घरचं उत्पन्न पाहतात, ज्यानं सांभाळायला घेतलं त्याचं नाही. आपल्याकडे अनाथ भाच्याला घरात घेणाऱ्या मामालाच दाखला आणायला सांगतात. चार जास्तीचे पैसे कमावतो, हा जणू त्याचा गुन्हा.

आणि दाखला बनतो कसा? सातबारा, शिधापत्रिका, स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदारांची सही. त्यात एकर दिसतात, कर्ज दिसत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यानं मुकादमाकडून घेतलेली उचल हे उत्पन्न की देणं? मी तर देणंच म्हणेन. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेलं, तरी सातबाऱ्यावर जमीन तेवढीच असते. बरं, नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला संजय गांधी निराधार योजनेसाठी 21,000 च्या आतलं उत्पन्न दाखवावं लागतं. आपल्याकडे 21,000 च्या आतले दाखले किती निघतात, हे या सभागृहात विचारत नाही. पुष्कळांना खाली पाहावं लागेल. अट इतकी खाली ठेवली, की खरं सांगणारा तेवढा बाहेर राहतो.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 45 वाचा. विधवा किंवा टाकलेली आई, नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल, जीवघेण्या आजारानं किंवा अपघातानं खचलेले आईबाप, अशी परिस्थिती त्यात नोंदवली आहे. तिथं रुपयांचा आकडा नाही. तो नंतर सूचनांमधून आला. कुणालाही सरसकट पैसे वाटा, असं मी म्हणत नाही. उत्पन्न जरूर विचारा. पण खाणारी तोंडं किती, डोक्यावर देणं किती, हेही विचारा, आणि मर्यादा दरवर्षी रोजगार हमीच्या मजुरीबरोबर वाढवा. आणि नातलगानं अनाथ मूल सांभाळलं असेल, तर त्याचं उत्पन्न मुळीच धरू नका.

हे दिल्ली-मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. तोवर इथं बसलेल्या मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडी सेविकांना माझी एकच विनंती आहे. जूनमध्ये पटावर नावं चढवताना आई किंवा बाप नसलेल्या मुलांची वेगळी यादी करा. मृत्यूचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक एवढे कागद तुम्हीच गोळा करा, आणि अर्ज नांदेडला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात पोहोचवा. म्हाताऱ्या आजीला त्यासाठी एसटीनं खेपा घालायला लावू नका.