काढून टाकलेले आवाज
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने दहा मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलायचं असं ठरलंय. आपल्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, "ही म्हणे हल्ली गिटार बनवते." त्यामुळे आधी खुलासा करते. मला गिटार वाजवता येत नाही. मला काहीच वाजवता येत नाही. समूहगीताच्या वेळी संगीताच्या बाईंनी मला मागच्या रांगेत उभं करून कानात सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." बाई समोर बसल्यात आणि हसतायत, म्हणजे त्यांनाही आठवतंय. त्यांचा निर्णय बरोबर होता.

मी बनवते ते सॉफ्टवेअर. स्टुडिओत संगीतकार संगणकाला कीबोर्ड जोडतो, कळ दाबतो आणि इलेक्ट्रिक गिटारचा सूर येतो. तो सूर संगणकाने तयार केलेला नसतो. खऱ्या माणसाने खऱ्या गिटारवर कधीतरी वाजवलेला, रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. त्याला सॅम्पल म्हणतात. कळ दाबली की योग्य सॅम्पल शोधून क्षणार्धात वाजवायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं.

सोपं का नाही, ते आपल्या शाळेच्या घंटेवरून सांगते. रेल्वेच्या रुळाचा तो तुकडा आठवतोय ना? मामा त्यावर हातोडी मारायचे. प्रार्थनेचे टोल सावकाश, शाळा सुटल्याचे दणादण, आणि दोन टोल कधी अगदी एकसारखे नसत. आपण नववीत असताना विजेची घंटा आली आणि दहा दिवसांत सगळे वैतागले. कारण तिची प्रत्येक किर्रर्र तंतोतंत सारखी. गिटारचा एकच सूर एकच सॅम्पल वापरून चार वेळा वाजवला की कान तसाच वैतागतो. त्याला कळतं, इथे माणूस नाही.

म्हणून प्रत्येक सूर अनेकदा रेकॉर्ड करावा लागतो. गिटारला सहा तारा. आमच्या गिटारला २२ फ्रेट, म्हणजे मोकळी तार धरून प्रत्येक तारेवर २३ जागा, एकूण १३८. प्रत्येक जागी हळू ते जोरात असे चार आघात. पिक खाली मारताना वेगळा आवाज आणि वर नेताना वेगळा, म्हणून दुप्पट. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा चार नमुने. गुणाकार केला तर ४,४१६. प्रत्येक सूर सहा सेकंदांचा धरला तर सलग ऐकायलाच सव्वासात तासांहून जास्त लागतात. वाजवणाऱ्याला किती दिवस बसावं लागेल, याचा अंदाज करा.

त्यात आणखी एक गंमत. पेटीवर एका सुराला एकच पट्टी. गिटारची सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली की जो सूर येतो, तोच दुसऱ्या तारेवर ५व्या फ्रेटला, तिसऱ्या तारेवर ९व्या, चौथ्या तारेवर १४व्या आणि पाचव्या तारेवर १९व्या फ्रेटलाही सापडतो. सूर तोच, पण जाडी वेगळी. वाजवणारा हात कुठे आहे त्यावरून जागा निवडतो. ती निवड आम्हाला प्रोग्रॅमकडून करून घ्यावी लागते. माझी तीन वर्षं त्यात गेली, पण त्याबद्दल बोलत बसले तर तुम्ही जेवायला उठाल.

मुद्द्यावर येते. आमच्या छोट्या कंपनीने या गिटारची पहिली आवृत्ती २०१० साली काढली. एका अनुभवी वादकांनी तीन आठवडे बसून सगळं वाजवलं. त्या वेळी आमचा प्रोग्रॅम ३२ बिटांचा होता, अशा प्रोग्रॅमला ४ जीबीच्या पुढची मेमरी दिसतच नसे. म्हणून प्रत्येक सुराचे पाच नमुने रेकॉर्ड करूनही आम्ही दोनच वापरले, बाकीचे एका हार्ड डिस्कवर पडून राहिले. नऊ वर्षांनी नवी आवृत्ती करायची ठरलं. आता मेमरीची अडचण नव्हती. पण दरम्यान त्या वादकांच्या डाव्या हाताच्या अनामिकेचा ताबा गेला होता. इतर सगळ्या कामांना बोट ठीक, गिटारवर ठेवलं की आपोआप आत वळायचं. वादकांना होणारा हा आजार आहे. दुसऱ्या कोणाचे सूर मधे घातले, तर ऐकताच जोड कळायचा. त्यामुळे ती जुनी डिस्क कपाटातून बाहेर निघाली.

आणि मी माझ्या परीने उत्तम काम केलं. इलेक्ट्रिक गिटार माइकसमोर ठेवून रेकॉर्ड करावीच लागते असं नाही. विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेत वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून गॅल्व्हानोमीटरची सुई हलवून दाखवली होती, तेच इथे होतं. तारांखाली चुंबकं, त्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो, तोच सरळ संगणकात घ्यायचा. त्यात खोलीचा आवाज येत नाही, पण तारेला जे जे होतं ते सगळं येतं. पिक टेकल्याचा टक्. जाड तारांवर बोट सरकल्याची चर्र. बोट उचलताना तारेचा पुसटसा सुस्कारा. शिवाय विजेची ५० हर्ट्झची घरघर. मी हे सगळं साफ करणारा प्रोग्रॅम लिहिला. सुरांची सुरुवातही काटेकोर कापली, कारण त्यामुळे कळ दाबल्याबरोबर आवाज येतो. सूर आरशासारखे लख्ख झाले. मला फार अभिमान वाटला होता.

चाचणीसाठी आम्ही ती आवृत्ती काही जुन्या ग्राहकांना दिली. त्यातल्या एका संगीतकाराने स्वतःचं जुनं गाणं नव्या आवृत्तीत उघडलं आणि फोन केला. "मॅडम, सगळे सूर आहेत. माणूस कुठे गेला?"

मला राग आला, खरं सांगते. मोजमाप सगळं आधीपेक्षा चांगलं होतं. त्याला चूक ठरवायचं म्हणून मी एक साधी परीक्षा घेतली. जुना सूर घ्यायचा, नवा सूर उलटा करायचा, म्हणजे लाट वर तिथे खाली, आणि दोन्हींची बेरीज करायची. दोन्ही सारखे असतील तर शून्य, शांतता. नसतील तर जो फरक आहे तेवढाच ऐकू येतो. मी शंभरेक सुरांची अशी बेरीज केली, एकापाठोपाठ जोडली आणि हेडफोन लावला.

त्यात गिटार नव्हतीच. टक्, चर्र, सुस्कारा, पुन्हा टक्. कोणीतरी अंधारात हात चाचपत चालावं तसं. तो माणूस तिथे होता. मी त्याला गोळा करून कचऱ्यात टाकला होता.

मी तो तुकडा घेऊन वादकांच्या घरी गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मधेच हात वर केला. "हे काय, टर्रटर्र?" मोबाइलवर फोन येण्याआधी जवळच्या स्पीकरमध्ये पूर्वी यायची ती टर्रटर्र, एका सुराच्या शेपटीला लागलेली. नऊ वर्षं विकलेल्या मालात ती होती आणि आमच्या कोणाच्या लक्षात आली नव्हती. "खिशातला मोबाइल," ते म्हणाले. "चार वाजले असणार. दूध आणा म्हणून घरून फोन यायचा." आतून काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही एकदाही आणलं नाहीत."

मग ते गंभीर झाले. "ती टर्रटर्र काढा, घरघर काढा, ती घाण आहे. बोटाला हात लावू नका. ते वाजवणं आहे."

परत येऊन मी चार महिन्यांचं काम उलगडलं. सुरांच्या सुरुवाती पुन्हा जोडल्या. बोटांचे आवाज वेगळे काढून परत बसवले आणि ते कमी-जास्त करायला एक बटण दिलं. जुनी गाणी उघडताना जुनेच दोन नमुने जुन्याच क्रमाने वाजतील अशी सोय केली, कारण ज्याने गाणं पुरं केलंय त्याच्या गाण्यात बदल करण्याचा मला अधिकार नाही. प्रकाशन लांबलं, त्यावरून बोलणीही खाल्ली.

एक गोष्ट मात्र मला जमली नाही. करारात एकदाच मानधन होतं आणि ते २०१०मध्ये देऊन झालं होतं. नव्या आवृत्तीतला निम्म्याहून जास्त माल त्यांच्या त्याच तीन आठवड्यांतला, आणि तो पुन्हा विकला जाणार होता. किंमत ठरवण्याच्या बैठकीत मी बोलायला हवं होतं. मी बोलले ते नंतर, आकडे छापून झाल्यावर. त्यांचं नाव पहिल्या पानावर आलं, पैसे आले नाहीत. त्यांना हे मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "चहा घ्या."

आता तो तुकडा ऐकवते. वीस सेकंदांचा आहे, टर्रटर्रीसकट. आवाज अगदी बारीक आहे, तेव्हा कोणीतरी पंखे जरा बंद करा. आणि मागच्या रांगेतल्यांनी पुढे या.