जगनआप्पांचा ‘न’



नरडाण्याच्या बाजारात ‘जगनआप्पा’ अशी हाक मारली, तर दोन-तीन माना तरी वळतील. जगन म्हणजे जगन्नाथ. पण मूळ शब्द ‘जगत्’. मग हा ‘न’ आला कोठून? शेजारच्या ‘नाथा’मुळे. हाक मारताना आपण नाथ सोडला. त्याने दिलेला ‘न’ मात्र ठेवून घेतला.

संस्कृतात वाक्याच्या शेवटी वाटेल ते व्यंजन टिकत नाही. क्, ट्, त्, प्, ङ्, न्, म् आणि विसर्ग एवढेच सहसा उरतात. म्हणून ‘वाच्’चा ‘वाक्’ होतो, ‘सम्राज्’चा ‘सम्राट्’ होतो. शेवटी दोन व्यंजने आली, तर बहुधा पहिलेच राहते. ‘भगवान्’ होताना शेवटचा त् असाच गळाला. मराठीने मात्र भगवंत आणि भगवान दोघांनाही घरात घेतले.

हा झाला थांबलेला शब्द. पुढे दुसरा जोडला, की संधी होतो. ‘ईश’ आला, तर त् चा द् होऊन जगदीश. ‘जन’ आला, तर सत् चा सज्जन. ‘लीन’ आला, तर तत् चा तल्लीन. ‘सच्चिदानंद’ या एकाच नावात सत् आणि चित् यांचे दोन त् दोन निराळी रूपे घेतात. एक च् होतो, दुसरा द्.

मुले याचे कोष्टक पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. कारण कळले, तर चूकही टळते. ‘वाङ्मय’ हा शब्द अनेकदा ‘ड’ घालून लिहिलेला दिसतो. पण वाक् मधल्या क् चे अनुनासिक त्याच्याच वर्गातले, म्हणजे ङ्. ‘ड’ तर ट-वर्गातला; त्याचे तेथे काय काम?

अडचण अशी, की १९६२ च्या लेखननियमांनुसार आपण कदाचित, विद्वान असे शब्द पाय न मोडता लिहितो. लिहिणे सोपे झाले, हे खरेच. पण शेवटचे व्यंजन डोळ्यांना दिसेनासे झाले. कानांना मात्र ते अजून ऐकू येते. ‘जगत’ लिहिले, तरी आपण ‘जगत्’च म्हणतो.

शब्द उकलून इतिहास शोधणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांचा १९२६ साली आपल्या धुळ्यातच अंत झाला. त्यांच्याएवढी विद्वत्ता आपल्याकडे नसेल. कान तर आहेत. उद्या कोणी जगनआप्पांना हाक मारील, तेव्हा तो ‘न’ जरा ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)